माप सांगा, नाव नको

मुंबईत म्हातारं झालेलं सगळं कोकणात येतं. माणसं येतात हे सगळ्यांना माहीत आहे, सामानाचं कोणी बोलत नाही. परळ-लालबागच्या खोल्यांमधून, डोंबिवलीच्या फ्लॅटमधून दर काही वर्षांनी काहीतरी बाहेर पडतं आणि गणपतीच्या आधी टेम्पोत चढून कशेडी घाट उतरतं. लोखंडी कपाट, फोल्डिंगची खाट, एकच भांडं उरलेला मिक्सर. ‘गावी असू दे, वापर होईल’ हे त्या सामानाच्या निरोपाचं ठरलेलं वाक्य. वापर होतोच असं नाही, पण टाकून दिल्याचं पापही लागत नाही.

मालवणहून आचऱ्याकडे जाताना आमचं घर लागतं, तिथला फ्रीज असाच आलेला. माझ्या मोठ्या दिरांनी तो 1970 च्या दशकाच्या शेवटी परळला घेतला. त्या काळी फ्रीज म्हणजे चैनच, चाळीतल्या अर्ध्या मजल्याचा बर्फ त्यात होत असे. पुढे दोन दारांच्या नव्या फ्रीजला जागा हवी म्हणून हा गावी आला. 165 लिटर, एकच दार, गोलसर खांदे, ओढून उघडायची जाडजूड मूठ. रंग मूळचा आकाशी, आता खाऱ्या वाऱ्याने ठरवला तो.

कंपनीचं नाव सांगत नाही. दारावरची धातूची पट्टी केव्हाच गळून पडली आहे आणि ज्यांनी तो फ्रीज दुरुस्त केला त्यांतल्या एकानेही ते नाव विचारलं नाही. विचारलं ते दुकानदारांनी. कणकवलीला, कुडाळला, कोल्हापुरात फोनवर, सगळीकडे पहिला प्रश्न: ‘कंपनी कुठली? मॉडेल नंबर?’ हेल्पलाइनवरच्या मुलीने तर फारच आदराने विचारलं आणि तितक्याच आदराने सांगितलं की हे मॉडेल यादीत दिसत नाही. मॉडेल नंबरची पाटी फ्रीजच्या पाठीला असते. आमच्याकडे ती जिथे होती तिथे आता गंजाचा एक सुबक आयत आहे.

नाव असतं तरी काय झालं असतं म्हणा. भारतात फ्रीज बनवायला गोदरेजने 1958 मध्ये सुरुवात केली. पुढची तीसेक वर्षं बाजारात मोजकीच नावं होती: हैदराबादचं ऑल्विन, फरीदाबादचं केल्व्हिनेटर आणि आणखी दोनचार. 1990 च्या दशकात बाजार उघडला आणि या घराण्यांची वाटणी झाली. ऑल्विनचा फ्रीजचा धंदा व्होल्टासकडे गेला, केल्व्हिनेटरचा कारखाना व्हर्लपूलकडे. दारावरचं नाव राहिलं, त्यामागचं गोदाम राहिलं नाही. आत मात्र सगळ्यांचं सारखंच होतं. गॅस दाबून फिरवणारा, बंद डब्यातला कॉम्प्रेसर बनवणारे देशात थोडेच. त्यांतला किर्लोस्कर कोपलंडचा कारखाना तर आमच्याच बाजूला, कुंभार्ली घाट चढून गेलं की कऱ्हाडला. आमच्याकडे एकाच कुळातली माणसं गाव बदललं की वेगळी आडनावं लावतात, तसे हे फ्रीज. आडनाव विचारत बसलं तर नातं सापडत नाही.

हे मला कुडाळच्या मेस्त्रींमुळे कळलं. साठीचा माणूस, मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीत सगळं दुकान. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे शंभराची नोट मागितली. मला वाटलं, पेट्रोलचे. त्यांनी ती नोट दाराच्या फटीत धरली, दार लावलं आणि ओढली. वरच्या बाजूला नोट घट्ट. बिजागरीकडे घट्ट. मुठीच्या बाजूला खाली मात्र ती अलगद बाहेर आली.

‘गॅस गेलो नाय, वयनीनू. रबर गेलाहा.’

त्याआधी ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी गॅस गेल्याचं सांगितलं होतं. फ्रीज थंड होत नाही म्हटलं की गॅस भरायचा, हा आता रिवाज आहे. त्यात बिल चांगलं होतं. आमच्या फ्रीजमध्ये खालचं दूध नासत होतं आणि वरच्या चिलरमध्ये, म्हणजे बर्फाच्या कप्प्यात मात्र बर्फ इतका साठत होता की बर्फाचा ट्रे सुरीने कोरून काढावा लागे. गॅस गेला असता तर चिलरभर इतका बर्फ धरलाच नसता. मेस्त्रींनी एवढाच विचार केला, बाकीच्यांनी तेवढाही नाही.

दाराच्या रबराच्या पोटात लोहचुंबकाची लवचीक पट्टी असते. ती दाराला पत्र्याकडे ओढते, म्हणून दार बोटाने ढकललं तरी चिकटतं. रबर कडक झालं, एका कोपऱ्यात आकसलं की तिथून बाहेरची हवा आत जाते. कोरड्या गावात याने फार बिघडत नाही. आमच्याकडे आषाढ-श्रावणात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे आत शिरणारी हवा आपल्याबरोबर वाफ घेऊन जाते. ती वाफ चिलरला लागून गोठते. वाफेचं पाणी आणि पाण्याचा बर्फ करताना जी उष्णता निघते ती काढण्यात कॉम्प्रेसरचं बरंच बळ जातं, वर त्या बर्फाचाच थर चिलरवर गोधडीसारखा बसून खालच्या कप्प्यांची थंडी अडवतो. मशीन दिवसरात्र चालतं, बिल येतं आणि दूध नासतं.

मग रबराचा शोध. मी पुन्हा कंपनीचं नाव घेऊन बसले, तेव्हा मेस्त्री वैतागले. ‘नाव कित्याक व्हया? माप सांगा.’ त्यांनी जुन्या रबराचा दोन बोटं लांबीचा तुकडा कापून घेतला. कोल्हापूरला तो दाखवायचा होता, कारण लांबीरुंदीपेक्षा त्याचा छेद, म्हणजे आडवं कापल्यावर दिसणारा आकार महत्त्वाचा. काही दारांत रबर खाचेत दाबून बसवतात, काहींत पत्र्याच्या पट्टीखाली धरून स्क्रूने आवळतात. जुनी दारं बहुतेक दुसऱ्या जातीची. छेद जुळला की लांबीचं कोणाला अडत नाही. हव्या त्या मापाच्या चार बाजू तिरप्या कापायच्या, कोपरे गरम पट्टीवर टेकवून वितळवायचे आणि जोडायचे. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या फ्रीजचं रबर आज, नवीन, हव्या त्या मापाचं मिळतं. फक्त ते मागण्याची भाषा यावी लागते.

रबर एसटीच्या पार्सलने आलं, अर्थात दुमडून. दुमडलेलं रबर तसंच लावलं तर त्या घड्या कायमच्या राहतात. ते कढत पाण्यात बुडवायचं, मग अंगणात सपाट फळीवर उन्हात पसरायचं, मग लावायचं. स्क्रू गंजून दाराशी एकजीव झालेले. मेस्त्रींनी त्यांवर आदल्या संध्याकाळी डिझेल-तेल सोडून ठेवायला सांगितलं होतं. गंमत अशी की हेच स्क्रू दाराची आतली प्लॅस्टिकची पाठही धरून असतात. सगळे ढिले केले की दार पीळ खातं. तेव्हा आधी सगळे अर्धवट आवळायचे, दार लावून, हाताने ढकलून सरळ करायचं आणि मगच घट्ट करायचं. पुष्कळ जण इथेच नव्या रबराला शिव्या घालतात.

एवढं करून मुठीच्या खालच्या कोपऱ्यात नोट पुन्हा सुटली.

कारण दारच खाली बसलेलं. जुन्या फ्रीजचं दार जड. त्याचा सगळा भार खालच्या बिजागरीतल्या एका पिनवर आणि तिच्यावरच्या नायलॉनच्या लहानशा बुशवर, म्हणजे पिनभोवतीच्या नळीवर. ते बुश झिजून अंड्याच्या आकाराचं झालं होतं. हे कोल्हापुरातही नव्हतं. मेस्त्री म्हणाले, मालवणात बंदरावर जावा.

बंदरावर ट्रॉलरची कामं करणारे लेथवाले आहेत. बोटीच्या पंख्याचा शाफ्ट जिथून पाण्यात जातो तिथलं बुश त्यांच्या नित्याच्या कामातलं, त्यामुळे माझी वस्तू त्यांनी आधी तळहातावर घेऊन हसून पाहिली. मी जुनं बुश पुढे केलं होतं, मापासाठी. लेथवाल्याने ते बाजूला ठेवलं आणि पिन मागितली. झिजलेल्या वस्तूचं माप घ्यायचं नसतं, ती जिथे बसते त्याचं घ्यायचं. पिनही एका अंगाने खाल्लेली निघाली. ती त्याने आधी गोल करून घेतली, मग तिच्यावरून बुशचं आतलं माप, बिजागरीच्या भोकावरून बाहेरचं. मी विचारलं, पितळेचं केलं तर जास्त टिकेल का? तर तो म्हणाला, टिकेल, पण बिजागरी खाईल. खारी हवा आणि दोन जातींचे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला लोखंडाचा आधी सडतो. बोटवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. माझ्या समोर पांढऱ्या नायलॉनच्या दांड्यातून त्याने तुकडा कापला, भोक पाडलं, कड मारली.

‘बोटीच्या शाफ्टाक चलता, तुमच्या दाराक चलाचा नाय?’

पैसे घेताना तो संकोचला. दार आता असं लागतं की पहिले काही दिवस घरातली सगळी उगाचच फ्रीज उघडत-मिटत होती.

थर्मोस्टॅटचं लिहायला फारसं काही नाही. चिलरला चिकटवलेली बारीक नळी, तिच्यातला वायू आकसला-फुगला की बटणामागचा संपर्क तुटतो-जुळतो. एक दाराच्या फ्रीजचे थर्मोस्टॅट इथे कुठेही मिळतात आणि बहुतेक बसतात. फक्त दांडीचा आकार वेगळा, म्हणून आमचं जुनं, 1 ते 7 आकड्यांचं सुंदर बटण त्यावर बसत नाही. आम्ही पकडीने फिरवतो. कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले आणि तापला की वीज तोडणारा ओव्हरलोड हे कॉम्प्रेसरच्या बुडाशी लावलेले दोन काळे तुकडे, त्यांचंही तसंच. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. आमचं घर लाइनच्या शेवटाला, संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की तो नुसता घुमतो, सुरू होत नाही. मग ओव्हरलोड तापून टक् करून सुटतो, गार झाला की पुन्हा टक्. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि इकडची वीज कित्येक दिवस गेली. ती आली तीही अशी येत-जात आली की त्या आठवड्यात आमच्या आसपास फ्रीजबरोबर पाण्याचे पंपही जळले. आमचा वाचला, कारण सासूबाईंनी प्लग काढून ठेवला होता. त्यांचा विजेवर मुळातच विश्वास नाही.

गॅस गेला नव्हता म्हणून मी निश्चिंत झाले हे खरं, पण त्याचं कारण पैसे नव्हे. या फ्रीजच्या पोटात आर-12 नावाचा, थंडी करणारा वायू आहे. 1930 च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो फ्रीजसाठी आणला, तेव्हा तो तारणहार होता. त्याआधीचे फ्रीज अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असल्या विषारी वायूंवर चालत. मिजलीने सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा वायू इतका टिकाऊ आहे की वर जाऊन ओझोनचा थर खातो. 1987 मध्ये ओझोन वाचवण्यासाठी माँट्रिअलचा करार झाला, भारत 1992 मध्ये त्यात आला आणि 2008 मध्ये फ्रीजसाठी अशा वायूंचं उत्पादन इथे बंद झालं.

म्हणजे आमच्या फ्रीजमधले ते शे-दीडशे ग्रॅम हाच एक सुटा भाग असा की जो मिळत नाही आणि मिळू नये. त्याच्या जागी ओझोनला न खाणारा आर-134ए वायू भरायचा तर त्याला जुनं खनिज तेल चालत नाही, तेलासकट सगळं बदलावं लागतं. प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण जुन्या तेलाबरोबर चालतं, पण ते ज्वालाग्राही आणि जुन्या फ्रीजचा थर्मोस्टॅट नि दिव्याचा खटका आतल्या हवेतच ठिणगी टाकतात. ‘सगळे भरतात, कुठे काय होतं’ म्हणणारा मेकॅनिक भेटतो. मी भरणार नाही. ज्या दिवशी हा वायू संपेल त्या दिवशी फ्रीजचं कपाट होईल. मेस्त्री आले तरी नळीला कुठे हात लावत नाहीत आणि बर्फ खरवडताना घरात कोणी चिलरजवळ सुरी नेली तर मी ओरडते. ट्रे अडकला तर आता ओल्या फडक्याने वाट बघायची.

बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत मात्र अजून अमोनियाच. ओझोनला त्याचा काही त्रास नाही, गळला तर नाक आधी ओरडतं. ज्याला मिजलीने घरातून हाकललं तो बोटींच्या बर्फासाठी इथे मजेत चालू आहे.

इतकं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की फ्रीज गार करायला जे लागतं ते सगळं मिळालं किंवा करून घेता आलं. अडलं ते नुसतं दिसणाऱ्या गोष्टींपाशी. चिलरचं पुढचं ॲल्युमिनियमचं झाकण, त्यावरची निळी रेघ. अंड्यांची पट्टी. दाराच्या कप्प्याची बाटल्या अडवणारी दांडी. भाजीच्या ट्रेवरची काच तेवढी काचवाल्याने कापून दिली. बाकी साच्यातून निघालेल्या वस्तू. साचा गेला की गेल्या. त्यांना माप सांगून भागत नाही. रबर कुणाच्याही फ्रीजचं चालतं, झाकणाला मात्र तोच फ्रीज लागतो. म्हणजे नाव शेवटी कामाला आलं ते मेलेल्या फ्रीजच्या दारावर.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणचे रस्ते ज्यांनी पाहिले त्यांना ते ढीग आठवत असतील. गाद्या, कपाटं, धान्य आणि फ्रीज, चिखलाने एकाच रंगाचे झालेले. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं की फ्रीज आधी तरंगतो आणि मग आडवा होतो. त्यानंतर पुष्कळ दिवस भंगारवाल्यांकडे जुन्या फ्रीजची रास असायची. अशा राशीत उभं राहून झाकण शोधायला माझा जीव झाला नाही. ज्यांचं घर वाहून गेलं त्यांच्या फ्रीजची पट्टी उचकटून आणायची, हे मेस्त्रींना रोजचं, मला नाही. मेस्त्री म्हणतात, ते भंगार वितळूनच जातं, त्यात कोणाचं काय जातं. बरोबर आहे त्यांचं.

आणि एक गोष्ट माप सांगूनही, नाव सांगूनही मिळत नाही. त्या काळच्या फ्रीजच्या भिंतींत आजच्यासारखा फोम नाही, काचेचा कापूस भरलेला आहे. कोरडा असेल तोवर उत्तम. पण पत्र्याच्या प्रत्येक भोकातून वर्षानुवर्षं दमट हवा आत गेली आहे, आतल्या थंड पत्र्यावर तिचं पाणी होऊन कापसात मुरलं आहे. आमच्या फ्रीजची डावी बाजू पावसाळ्यात बाहेरून घामेजते. मेस्त्री तिथे हात ठेवतात आणि विषय बदलतात. जुन्या वस्तू दणकट असतात म्हणणाऱ्यांना मी ती बाजू दाखवते. तेवढ्याच आकाराचा नवा फ्रीज नक्कीच कमी वीज खाईल. त्याच्या दारात मात्र स्क्रू नसतील आणि पाठीमागे सगळं झाकलेलं असेल.

मासळी फ्रीजमध्ये ठेवायची नाही हा आमच्या घरचा नियम अजून कायम आहे. शिळा मासा सासूबाई ओळखतात, लपवून चालत नाही. आमसुलं, आगळ, सुकट, लोणचं यांना फ्रीज लागत नाही. मग एवढी धडपड कशासाठी, हा नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात आंब्याचा रस ठेवायला, दूध आणि पाहुण्यांसाठी सोलकढी गार करायला. आणि दीर गणपतीला आले की आधी फ्रीज उघडून बघतात म्हणून.

चिलरच्या झाकणाचा शोध चालू आहे. गेल्या आठवड्यात सावंतवाडीच्या एका भंगारवाल्याने फोटो पाठवला. निळी रेघ तीच. पण झाकण सुटं द्यायला तो तयार नाही. झाकण काढलं तर बाकीचा फ्रीज अपुरा दिसतो, मग तो कोण घेणार, असं त्याचं म्हणणं. अख्खा घ्या, कंपनी तुमचीच आहे. मी म्हटलं, आधी झाकणाची लांबी मोजून सांगा. टेप जवळ नव्हता, त्याने वितीने मोजली. दोन विती, वर तीन बोटं. आता त्याची वीत केवढी ते बघायला सावंतवाडीला जाणं आलं.